खिंडीतल्यांची माघार कोण झाकणार?

जुलै आला की म्हसळ्यात पाऊस असा कोसळतो की घोणशाचा घाट दिसेनासा होतो. आणि नेमका त्याच दिवसांत शाळेशाळेत बाजीप्रभू सुरू होतो. टेबलावर तसबीर, हार, उदबत्ती. एखादं पोरगं गळ्याच्या शिरा ताणून ओरडतं, राजांना विशाळगडाकडं पाठवतं आणि स्वतः दोन हातांत दोन पट्ट्या घेऊन तलवारी फिरवतं. टाळ्या पडतात.

सहावीत असताना ते पोरगं मी होतो. नंबर आला नाही, तो भाग सोडा. स्पर्धा संपल्यावर मी विचारलं, "गुरुजी, बाजींबरोबर तीनशे होते ना? त्यांची नावं काय?" गुरुजी वाईट माणूस नव्हते. मारकुटेही नव्हते. हसले आणि म्हणाले, "अरे, ते मावळे होते."

झालं. मावळे होते. म्हणजे नाव विचारायचं कारण नाही. चाळीस वर्षं होत आली, पण हे उत्तर काही माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

दोस्तहो, बाजीला लहान करायला मी बसलेलो नाही. ज्याला तसं वाटत असेल त्यानं हा अंक इथंच मिटावा आणि भज्यांना कागद म्हणून वापरावा. मला बोलायचंय ते मागं राहणाऱ्यांबद्दल. फौज माघार घेते तेव्हा कोणाला तरी मागं थांबावं लागतं. बाकीचे सुखरूप निसटावेत म्हणून तो थांबतो, आणि बहुतेक वेळा तिथंच संपतो. हे बलिदान मोठं, यात वाद नाही. वाद पुढं आहे. निसटून गेलेले त्या माणसाचं पुढं काय करतात?

खिंडीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणूनच ती कोणी नीट बघत नाही. १६६०च्या मार्चमध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला. (आमच्याकडची पोरं सिद्दी म्हटलं की थेट जंजिऱ्याकडं बोट दाखवतात, कारण म्हसळा १९४८पर्यंत जंजिरा संस्थानात होतं. पण हा सिद्दी तो नव्हे. हा विजापूरकरांचा सरदार, कर्नूलकडचा.) राजापूरच्या वखारीतले इंग्रजसुद्धा तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. चार महिने असे गेले. मग १२ जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, ज्या पौर्णिमेपासून आता आमच्या विहारांत वर्षावास बसतो, शिवाजीराजे सहाशेक माणसं घेऊन भर पावसात गडावरून निसटले.

आता इथं बघा. पहिली माघार झाकली ती शिवा काशीदनं. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचा, जातीनं न्हावी. राजांचा वेष चढवून तो दुसऱ्या पालखीत बसला आणि मुद्दाम शत्रूच्या हाती लागला. ओळखला गेला, मारला गेला. तेवढ्या वेळात खरी पालखी पुढं सरकली. खिंडीत उभं राहणाऱ्याच्या हातात निदान तलवार असते, पाठीशी माणसं असतात. हा गडी मरण ठरलेलं माहीत असून एकटा पालखीत बसला, दुसऱ्याचा टोप डोक्यावर घेऊन. आणि मेला तोही दुसऱ्याच्या नावानं. पन्हाळ्यावर त्याची समाधी आहे. पण बाजीवर सावरकरांनी पोवाडा लिहिला, अरविंद घोषांनी पार बंगालात बसून इंग्रजीत काव्य रचलं. शिवा काशीदच्या वाट्याला धड्यात दोन ओळी. हजामत करणाऱ्याच्या मरणावर काव्य रचायला लेखणी जरा जडच होत असावी.

मग घोडखिंड. सिद्दी मसूद पाठलागावर. अर्धी माणसं घेऊन राजे पुढं गेले, अर्धी घेऊन बाजीप्रभू थांबले. थोरला भाऊ फुलाजी बरोबर. माणसं बांदलांची, हिरडस मावळातली. रात्रभर चिखलातून पालखी पळवून दमलेली. १३ जुलैचा दिवस त्यांनी खिंड धरली. तिकडं विशाळगडाच्या पायथ्याला सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होताच. तो फोडून राजे गडावर पोचले आणि मग इशारतीच्या तोफा झाल्या. त्या ऐकून बाजींनी प्राण सोडला, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो.

सगळे इथं रडतात. मी मात्र या जागी जरा थांबतो. कारण या गोष्टीतली सगळ्यात मोठी वस्तू मला तलवार वाटत नाही, तोफ वाटते. ती तोफ म्हणजे गडावर पोचलेल्याचा खिंडीतल्याला निरोप: मी पोचलो, आता तुम्ही सुटा. पोचल्यावर पहिलं काम त्यानं ते केलं. खिंडीतल्यांचं ते येणं होतं आणि राजानं ते चुकतं केलं. आणखी एक सांगतात. दरबारात पहिल्या पानाचा मान जेध्यांचा होता, तो पुढं बांदलांना दिला. हा हिशोब मला आवडतो. इथं नुसते डोळे पुसलेले नाहीत. मान द्यायचा म्हणजे आधी कोणाच्या तरी पुढ्यातून उचलावा लागतो, तो उचलला.

तरी नावं राहिलीच. समाध्या दोघा भावांच्या. बाकीचे "ते मावळे होते".

आता माझ्या आजाकडं येतो, कारण मी हे सगळं त्याच्यासाठीच लिहितोय.

माझा आजा १९४२ला पलटणीत गेला. बाबासाहेबांनी इंग्रज सरकारच्या मागं लागून महार पलटण पुन्हा उभी करायला लावली होती. ऑक्टोबर १९४१ला बेळगावात पहिली बटालियन उभी राहिली. टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ. आमच्या तालुक्यातून, माणगावातून, महाडातून, पोलादपुरातून पोरं गेली. शेत नव्हतं. होती ती तक्क्यातली झोपडी आणि वेठ. १९४६ला ही पलटण मशीनगनवाली झाली.

मशीनगनवाली म्हणजे काय, हे शहरातल्या पोरांना सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या काळची व्हिकर्स मशीनगन एकट्याची नव्हे. एक जण चालवणार, दुसरा गोळ्यांचा पट्टा सारणार, बाकीचे तिवई, पेट्या आणि पाणी वाहणार. हो, पाणी! नळीभोवती पत्र्याचं कवच असतं, त्यात चारेक लिटर पाणी. बंदूक चालली की पाणी उकळतं. वाफ रबरी नळीनं डब्यात उतरवायची, म्हणजे शत्रूला दिसत नाही आणि पाणीही परत मिळतं. पाणी संपलं की नळी तापून बंदूक बसते. आणि महारांच्या या बंदुका नेहमी स्वतःच्याच पलटणीजवळ नसत. तुकड्या करून दुसऱ्यांच्या पलटणींना जोडून देत. चढाईला बंदूक पाठीमागून आग ओकणार. माघारीला मात्र उलटं. रायफलवाले आधी निघणार, बंदूक शेवटी. माघार झाकायची तर आग ओकणारं हत्यारच मागं राहणार, आणि हत्यार राहिलं की त्याचा माणूस राहिला.

माझा आजा पाणीवाला होता.

विडी ओढता ओढता तो हसायचा. म्हणायचा, "आरं बाला, बंदूक तापली का पानी मांगते, मानसावानी. मी डबा घिऊन धावायचो तिच्याकं. सायेब वराडायचा, पानी, पानी! आन् हिकडं माजी आये गावच्या हिरीवर हंडा घिऊन दुपारपातुर उबी. कोनी वाडील तवा." कोणी वाढील तेव्हा. वरच्या आळीतल्या बाईनं वरून ओतायचं, हिनं खालून धरायचं. सरकारी लोखंडाला माझ्या आजाच्या हातचं पाणी चालत होतं. लोखंड बाटलं नाही.

एकदाच त्यानं मला माघारीचं सांगितलं. जागेचं नाव सांगितलं नाही, मुलूख डोंगराचा होता एवढंच. सांज होत आली, हुकूम आला, रायफलवाले निघाले. बंदुकीवर तिघं उरले. हा तिसरा. पाणी संपलं होतं. डबा रिकामा, म्हणजे पाणीवाल्याचं काम संपलं. बंदुकीवरच्यानं त्याला सांगितलं, जा. हा म्हणाला, थांबतो. त्यानं शिवी दिली आणि पुन्हा सांगितलं, रिकामा डबा घेऊन इथं काय करणार, जा. आजा गेला. पाठीमागं बंदूक वाजत होती. तो चालत होता आणि ती वाजत होती. मग थांबली.

"पानी संपलं म्हनून मी जगलो," असं तो म्हणाला. मग बराच वेळ काहीच बोलला नाही. आणि मग, "मी आलो म्हनून तुजा बाप झाला."

तेव्हापासून मला कळलं, आजा पाणी प्यायच्या आधी तांब्यातलं थोडं दोनदा जमिनीवर का सांडतो. आजी कावायची, सारवलेली जमीन ओली होते म्हणून. धर्मांतर झालं, घरातले देव गेले, पण हे सांडणं गेलं नाही. त्यात देव नव्हताच.

त्या दोघांची नावं तो सांगायचा. पाणी सांडताना पुटपुटायचा. आडनाव, गाव, सगळं. आणि मी, ज्यानं गुरुजींना तीनशे नावं विचारली होती, मी ती दोन नावं लक्षात ठेवली नाहीत. कॉलेजात गेलो, मोर्चे, पोस्टर, रात्र-रात्र चर्चा. आजा खाटेवर खोकत होता आणि मी मुंबईत नागरी स्वातंत्र्यावर परिसंवाद ऐकत होतो. १९९६ला तो गेला. दोन्ही नावं त्याच्याबरोबर गेली. प्रस्थापितांना शिव्या घालायच्या आधी ही शिवी मी स्वतःला घालून घेतो.

आता थोडं मागं जाऊ. कारण हा एका आजाचा प्रश्न नाही, आख्ख्या जुन्या कुलाबा जिल्ह्याचा आहे.

आमच्या म्हसळ्याहून श्रीवर्धन जवळ. भट घराण्यातला पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ तिथला. त्याच्या वंशजांच्या राज्याची अखेर झाली त्या दिवसांत, १ जानेवारी १८१८ला, भीमा कोरेगावात कंपनीची आठशेक माणसांची फौज पेशव्याच्या कितीतरी मोठ्या फौजेपुढं दिवसभर टिकली. अन्न नाही, पाणी नाही. तिथल्या स्तंभावर मेलेल्या शिपायांची नावं कोरली आहेत. त्यांत बावीस नावांच्या शेवटी "नाक" लागतं. कंपनी सरकार काही आमचं मायबाप नव्हतं. आपल्या फायद्यासाठी तिनं आम्हाला वापरलं, हे मला कोणी शिकवायला नको. पण या मुलखात महाराचं नाव दगडावर उमटलं, तेही बापजाद्यांनी ठेवलं तसं, हे त्या स्तंभानं केलं. म्हणून तर बाबासाहेब १ जानेवारी १९२७ला तिथं गेले. आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडात चवदार तळ्यावर. जानेवारीत पाण्यावाचून लढलेल्यांच्या स्तंभापुढं उभा राहिलेला माणूस मार्चमध्ये तळ्यात ओंजळ बुडवतो. हे दोन दिवस वेगवेगळे कसे वाचायचे, ते मला जमत नाही.

मधल्या काळात सरकारनं आम्हाला खिंडीत सोडून दिलं. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असं साहेबांच्या डोक्यात शिरलं, आणि १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद. काम झालं, निघा. तेव्हा पहिली लेखणी कोणी उचलली? महाडजवळच्या रावढळच्या गोपाळबाबा वलंगकरांनी. लष्करातून निवृत्त झालेला माणूस. "विटाळ विध्वंसन" त्यांनी आधीच लिहिलं होतं, आता भरतीसाठी अर्ज लिहिला. सुभेदार रामजी सकपाळ, बाबासाहेबांचे वडील, तेही लष्करातले. कोकणातल्या आमच्या चळवळीची पहिली फळी ही पेन्शनर शिपायांची. दापोलीत, महाडात, दासगावात. त्यांना लिहिता-वाचता येत होतं, कारण पलटणीत शाळा होती. आणि त्यांना बोलता येत होतं, कारण महिन्याच्या महिन्याला येणारे ते चार रुपये गावच्या पाटलाच्या हातातले नव्हते. पेन्शन म्हणजे शिपायाच्या स्वतःच्या माघारीवर धरलेली बंदूक. तिच्या आडोशानं तो गावात परत आला, आणि परत येऊन ताठ उभा राहिला.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तशी १९१७ला महारांची पलटण उभी केली, आणि १९२१ला मोडली. पुन्हा तेच. काम झालं, निघा. ती माणसं सहा वर्षांनी महाडात होती. तळ्यावरून परतल्यावर मंडपात जेवणाऱ्या आपल्या लोकांवर काठ्या पडल्या, वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून. घराकडं निघालेल्यांना वाटेत गाठून मारलं. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. परिषदेला आलेल्यांत महायुद्धातून परतलेले शिपाई होते. एक शब्द हवा होता फक्त. बाबासाहेबांनी तो दिला नाही. माणसं आवरली. डिसेंबरात २५ तारखेला मनुस्मृती जाळली, पण कोर्टाची मनाई होती म्हणून तळ्यावरचा सत्याग्रह थांबवला. तळ्याला मिरवणूक घालून लोक परत फिरले.

मिश्यांना पीळ देणारे याला कच खाणं म्हणतात. मी याला माघार म्हणतो, आणि माघार हीसुद्धा लढाईच असते. पण ती घ्यायला लावणाऱ्यावर एक जबाबदारी येते. बाबासाहेब पुढं दहा वर्षं तो खटला लढले. मार्च १९३७ला हायकोर्टानं निकाल दिला, तळं सगळ्यांचं. ती तोफ होती. उशिरा झाली, पण झाली.

माणगावला जाणं झालं की मी तहसीलच्या आवारात जाऊन येतो. तिथं यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचा पोरगा, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीतला नायक. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. त्याच्या सेक्शनवर जवळून मशीनगनचा मारा झाला, तो सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. हा एकटा धावून गेला. बॉम्ब टाकून बंदूक बंद पाडली, एकाला गोळी घातली, दुसरं मॅगझिन भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्यानं ठेचलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. हा माघारीचा प्रसंग नाही, हे मला कळतं. आणि घाडगे आमच्या आळीतला नव्हता, हेही. पण तोही पोटासाठीच साहेबाच्या लढाईत गेलेला इथलाच पोरगा, आणि त्याच्याकडं जात बघून बघणारा मी कोण?

२०२३ला तिकडं इटलीत, मोंतोने नावाच्या गावात, घाडग्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. ज्यांच्या गावाजवळ तो मेला त्यांनी एकोणऐंशी वर्षांनी आठवण ठेवली. इकडं माणगावात पुतळ्याजवळ उभं राहून मी एका कॉलेजच्या पोराला विचारलं, हे कोण? तो म्हणाला, "कोणीतरी फौजी." मावळे होते, फौजी होते. नाव विचारू नये.

आमचीच गोष्ट बघा. २४ डिसेंबर १९४७ला काश्मिरात झांगर पडलं. माघारीची लढाई. पुढं मार्चमध्ये ते परत घेतलं आणि ३ जुलै १९४८ला तिथंच ब्रिगेडियर उस्मान मेले. त्या युद्धात महार रेजिमेंटचे नायक कृष्णा सोनावणे यांना महावीर चक्र मिळालं. आपल्या वस्त्यांत किती जयंत्या होतात, किती बॅनर लागतात. सोनावण्यांचं नाव एका तरी बॅनरवर पाहिलंय? मी नाही पाहिलं. आणि पुढं हेही लक्षात ठेवा: महार रेजिमेंटचं एकमेव परमवीर चक्र मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं, २५ नोव्हेंबर १९८७, श्रीलंका. छातीत गोळी घुसलेली असताना शत्रूची रायफल हिसकावून त्यालाच मारणारा. तो जातीनं महार नव्हता. रेजिमेंटमध्ये आता सगळ्या जातींची पोरं असतात, हे चांगलंच झालं. पलटण जातीची असावी असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. पलटणीतून परत आलेला माणूस माणसात बसावा, इतकंच.

म्हणून आजची गोष्ट. म्हसळ्याच्या रस्त्यावर पहाटे पाचला पोरं धावतात. साळवी, कांबळे, जाधव, पवार, सगळी. भरतीसाठी. १४ जून २०२२ला अग्निपथ जाहीर झालं तेव्हाचा हिशोब असा: नोकरी चार वर्षं. शंभरातले पंचवीस पुढं ठेवणार. पंचाहत्तर घरी. हातात पावणेबारा लाखांच्या आसपास रक्कम, त्यात निम्मे त्याच्याच पगारातून कापलेले. पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी नाही. माजी सैनिक म्हणवून घ्यायचा हक्कही नाही.

देशासाठी मरायला चार वर्षं पुरतात, यात शंका नाही. मरायला एक सेकंद पुरतो. पण मागं थांबणारा शिपाई कशाच्या बळावर थांबतो? आपल्या माघारी घराचं कोणीतरी बघेल, या बळावर. माझ्या आजाच्या पेन्शनवर माझा बाप शिकला, बापाच्या मास्तरकीवर मी. वलंगकरांची लेखणी पेन्शनवर चालली. जी गोष्ट आमच्या तीन पिढ्यांची पाठ राखत आली, ती काढून घेताना कोणाचा हात थरथरला नाही. आणि आमचे पुढारी? टीव्हीवर गेले आणि "जवानांना सलाम" म्हणून आले.

पुढाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर एवढं बोलून टाकतो. १० जानेवारी १९७४ला मुंबईत मोर्च्यावर वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. नामांतराच्या लढ्यात पोचिराम कांबळे गेले, २५ नोव्हेंबर १९९३ला नांदेडला गौतम वाघमारेनं स्वतःला जाळून घेतलं. यांनीही खिंडच धरली होती. त्यांच्या आडोशानं बरेच जण गडावर पोचले. कोणी आमदार झाला, कोणी महामंडळावर गेला, कोणी दिल्लीत. पोचले याचं मला वाईट वाटत नाही, कोणी तरी पोचायलाच हवं. पण पोचल्यावर तोफ कुठाय? अजूनही वस्तीतली पोरं दंगलीच्या केसेसच्या तारखांना कोर्टात जाऊन बसतात, पासपोर्ट अडतो, नोकरीचं कॅरेक्टर सर्टिफिकेट अडतं. गडावरून आवाज येत नाही. येतात ते १४ एप्रिलचे शुभेच्छांचे बॅनर, पाच फूट फोटोसकट.

तेव्हा माझं म्हणणं भाषणाचं नाही, कामाचं आहे. ज्यांच्या घरात पलटणीत गेलेला आजा, पणजा, चुलता असेल त्यांनी ट्रंक उघडावी. डिस्चार्ज बुक असतं, पेन्शनचं पुस्तक असतं, पदकं असतात, एखादं पत्र असतं. नंबर, नाव, गाव, बटालियन उतरवून घ्या. म्हाताऱ्या बायांना विचारा, त्यांना जास्त आठवतं. त्यांच्या नवऱ्याबरोबर कोण होतं, कोण परत आलं नाही, हे त्यांनीच ऐकलेलं असतं. गावाचं नाव चुकीचं आलं तरी चालेल, मागाहून दुरुस्त करू. संपादकांशी बोललो आहे. अंकात दोन पानं या नावांना मिळतील, आणि पुरली नाहीत तर कवितांची कमी करू. कवी ओरडतील, ओरडू देत.

माझ्यापासून सुरुवात करावी म्हणून गेल्या महिन्यात गावी गेलो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमच्या घराचे पत्रे उडाले, तेव्हा आजाची ट्रंक दोन दिवस पावसात होती. डिस्चार्ज बुकाची पानं एकमेकांना चिकटलीत. सुरीच्या पात्यानं हळूहळू सोडवली. शाई पसरलीय. आजाचं नाव वाचता येतं, नंबरातले पहिले तीन आकडे वाचता येतात. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं त्याच्या हातच्या दोन ओळी आहेत. पेन्सिल पाण्यानं जात नाही, पण बुरशीनं खाल्लीय. पहिल्या ओळीत शेवटी "पोलादपूर" लागतं. दुसरीत "राम" एवढं दिसतं, त्यापुढं काही नाही. पोलादपूर तालुक्यात कोणाच्या घरी १९४०च्या दशकात महार मशीनगनमधून परत न आलेला माणूस असेल, तर मला कळवा. मी येतो. पान घेऊन येतो.